आधी चूल, मग पासपोर्ट

परदेशी गेलेला आपला मुलगा फोनवर तिथल्या जेवणाला नावे ठेवतो आणि आपण इथे बसून त्या मुलखाला नावे ठेवतो. "काय ते खुबूस, काय तो बिनतिखटाचा भात, माझं लेकरू पार वाळून गेलं," असे आई म्हणते. अब्बा मान हलवतात. मामू तोडगा सुचवतात, "निकाह लावून टाका, जेवणाची सोय होईल." या सगळ्या हळहळीत एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. वीस-बावीस वर्षांच्या, हातपाय धड असलेल्या, आय.टी.आय.ची परीक्षा पास झालेल्या या जवान मुलाला स्वतःपुरता भात का शिजवता येत नाही?

आमचे म्हणणे रोखठोक आहे. परदेशातले अन्न आपल्या मुलांचा छळ करीत नाही. त्यांना लहानपणापासून चुलीपासून लांब ठेवले जाते, त्याची शिक्षा ती तिथे भोगतात. ही शिक्षा कुवेतच्या किंवा दम्मामच्या कफिलाने दिलेली नसते. ती आपल्या घरांत आणि आपल्या शाळांत आधीच ठरलेली असते.

आम्ही औंढ्यात राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. लोणावळ्याशेजारचा हा मावळचा पट्टा भाताचा आणि पावसाचा. कोकणातल्या भावांइतकी घाटावरच्या मुसलमानांची आखाताशी जुनी ओळख नाही. 1973 नंतर तेलाचे भाव चढले, तसे रत्नागिरी-रायगडचे मुसलमान मोठ्या संख्येने तिकडे गेले. घाटावरची मुले त्यांच्या मागोमाग निघाली. आमच्या वर्गांत बाकावर बसलेली मुले आज तिकडे कोणी एसीचे काम करतात, कोणी ट्रेलर चालवतात, कोणी गोदामात माल मोजतात. सुट्टीवर आली की भेटायला येतात. पगाराच्या खालोखाल बोलणे निघते ते पोटाचे. म्हणून हा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

तक्रार काय असते ते आधी नीट ऐकू. सकाळी नाश्त्याला शिजवलेल्या बाकल्याचा 'फूल'. दुपारी खुबूस, म्हणजे भट्टीतली पातळ रोटी. जुम्याला कबसा, मंदी किंवा मजबूस, म्हणजे मांसाच्या पाण्यात शिजवलेला भात. त्यात वाळवलेल्या लिंबाचा आंबूस वास. तिखट नावाला नाही. भात सुटासुटा. इंद्रायणीच्या मऊ, वासाच्या भातावर वाढलेल्या मावळच्या पोराला तो 'भात' वाटतच नाही. हे सगळे खरे आहे. जीभ ही काही खोटे बोलणारी गोष्ट नव्हे.

पण ज्या इंद्रायणीच्या आठवणीने तो हळहळतो, ती तरी किती जुनी? वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून हे वाण तयार झाले आणि 1987 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आले. आमच्या आजोबांनी आयुष्यातली बरीच वर्षे हा भात पाहिलासुद्धा नव्हता. एका पिढीत तो 'आपला' झाला. ज्या मिरचीवाचून आपला घास उतरत नाही, ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर या किनाऱ्यावर आली. बटाटा, टोमॅटो असेच समुद्रापलीकडून आले. चहा घराघरांत शिरला तो इंग्रजी अमलात. आपल्या पूर्वजांच्या जिभेने एवढे परके पदार्थ पचवले आणि आपल्या नावावर चढवले. मग त्यांच्या वंशजाला खुबुसापुढे रडू का यावे?

या गोष्टीची उलटी बाजूही इतिहासात नोंदलेली आहे. चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा मुसाफिर इब्न बतूता आपल्या किनाऱ्यावर होन्नावरला आला होता. होन्नावर आज कर्नाटकात आहे; कोकणाखालचाच तो किनारा. तिथल्या मुसलमान सुलतानाच्या दस्तरखानाचे वर्णन त्याने बारकाईने लिहून ठेवले आहे. तांब्याच्या ताटात भात, त्यावर तूप, सोबत मिरी, आले, लिंबू आणि आंबा यांची लोणची. मग कोंबडी, मग मासे, मग तुपात शिजवलेल्या भाज्या आणि शेवटी दही. या यादीत लाल-हिरवी मिरची नाही, कारण ती अजून यायची होती. एवढी खातिरदारी होऊनही इब्न बतूता कंटाळला. त्या सुलतानाकडे एका खेपेस अकरा महिने त्याने रोटी खाल्ली नाही. पुढे मालदीव, सिलोन, मआबर आणि मलबार येथे मिळून तीन वर्षे भातावर काढली. शेवटी पाण्याच्या घोटाशिवाय भात घशाखाली उतरेना, असे तो सांगतो.

म्हणजे रोटीच्या मुलखातला माणूस भाताने हैराण, आणि आज भाताच्या मुलखातला माणूस रोटीने हैराण. फरक एवढाच, की इब्न बतूताने त्या कंटाळ्यापायी मुलखाला शिव्या घातल्या नाहीत आणि प्रवास सोडून घरची वाटही धरली नाही. काय खाल्ले, कसे वाढले, हे लिहिले आणि पुढे चालू लागला.

आता दुसरी गंमत पाहा. आखातात अनेक ठिकाणी भाताला 'ऐश' म्हणतात. मिसरमध्ये तोच शब्द रोटीला वापरतात. मूळ अर्थ जगणे, गुजराण. उर्दूत येईपर्यंत त्याचा अर्थ चैन असा झाला. मोहल्ल्यात म्हणतात, अमक्याचा मुलगा दुबईत ऐश करतो. तिथे ऐश म्हणजे भात, आणि नेमका तोच आपल्या मुलाला करता येत नाही! आणि ज्या कबशाला तो परका म्हणून नाक मुरडतो, त्यातला लांब दाण्याचा तांदूळ पुष्कळदा पंजाब-हरयाणातून गेलेला बासमती असतो. सौदी अरब, इराक, अमिरात हे भारतीय बासमतीचे मोठे गिऱ्हाईक आहेत. तांदूळ आपल्या देशातून समुद्रापार जातो, मुलगाही जातो. तांदूळ तिथे रुळतो आणि मुलगा रुळत नाही.

येथे दीनाचा प्रश्न येतो, कारण या बाबतीत दोन प्रकारचे लोक दीनाला मध्ये ओढतात. एक प्रकार तक्रार करणाऱ्यांचा. दुसरा प्रकार तिकडून परतलेल्यांचा, आणि तो अधिक धोक्याचा आहे. चार वर्षे राहून आलेला माणूस सांगू लागतो की कबसा, मंदी, खुबूस हेच खरे इस्लामी खाणे. आपली नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, आमटी हे सगळे अडाण्यांचे. अम्मीने थापलेल्या भाकरीपुढे तो तोंड वाकडे करतो आणि खजुराच्या डब्याकडे बोट दाखवतो. खजूर मुबारक आहे, यात वाद नाही. पण भाकरी कोणत्या आयतीने कमी दर्जाची ठरली, हे त्याने सांगावे.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे, तो या दोघांनीही वाचावा. हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी दस्तरखानावर 'दब' आला. दब म्हणजे वाळवंटात राहणारा, घोरपडीसारखा दिसणारा प्राणी. हुजूर (स.) यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले, हा हराम आहे काय? उत्तर मिळाले की नाही. पण माझ्या कौमच्या जमिनीवर हा नसतो, म्हणून मनाला तो रुचत नाही. मग खालिद (रजि.) यांनी ते भांडे आपल्याकडे ओढले आणि हुजुरांच्या समोर खाल्ले. त्या प्राण्याच्या मसल्यावर इमामांची मते वेगवेगळी आहेत; तो आमचा विषय नाही. आम्हाला त्यातली तमीज दाखवायची आहे. हराम ही एक गोष्ट आणि न रुचणे ही दुसरी. ज्याला रुचले नाही त्याने खाल्ले नाही, ज्याला रुचले त्याने खाल्ले, आणि दोघे एकाच दस्तरखानावर बसले. हुजूर (स.) यांनी कोणत्याही अन्नाला कधी नाव ठेवले नाही, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडले, हेही हदीसमध्येच आहे.

यातून निघणारा नियम साधा आहे. प्रवासात मुसलमानाबरोबर हलाल-हरामची मर्यादा जाते. बाकी चव, तिखट, तांदळाचा दाणा, रोटीची जाडी ही ज्या त्या जमिनीची देणगी. जमिनीची देणगी दीनाच्या नावावर चढवू नये, आणि दीनाच्या नावाने कोणाच्या ताटाला कमी लेखू नये. ज्याला कबसा रुचत नाही त्याने तो नम्रपणे बाजूला ठेवावा. पण बाजूला ठेवल्यावर स्वतःचे काहीतरी शिजवता आले पाहिजे. इथेच आपला मुलगा अडतो.

आखातात कामगार कसे राहतात, ते न पाहिलेल्यांना सांगितले पाहिजे. एका खोलीत सहा-आठ जण. भाडे वाटून, किराणा वाटून, स्वयंपाकाची बारी लावून. त्या खोलीत अम्मी नाही, बहीण नाही, भाभी नाही. चूल पेटते ती पुरुषांच्याच हाताने. ज्याला चार पदार्थ येतात त्याचा खोलीत मान असतो. मीठ-मसाला काय आणायचा ते तो ठरवतो. ज्याला काहीच येत नाही, त्याच्या वाट्याला भांडी, कचरा आणि टोमणे येतात, किंवा बारीच्या बदल्यात जास्तीचे पैसे. काही दिवसांनी तो बारीतून निघून हॉटेलवर जेवू लागतो. घरी पाठवायच्या पैशांतला एक भाग अशा रीतीने दर महिन्याला पोटात जातो, आणि पोट तरीही तक्रारच करते.

कोणी म्हणेल, आता पूर्वीसारखे राहिले नाही. गल्लोगल्ली मेस आहेत, मोबाइलवर बोट लावले की बिर्याणी दाराशी येते. या म्हणणाऱ्यांनी 2020 साल आठवावे. मार्च महिन्यात आखातातल्या हॉटेलांत बसून जेवणे बंद झाले. एप्रिलमध्ये कुवेत सरकारने जलीब अल-शुयूख आणि महबूला हे परदेशी कामगारांच्या दाट वस्तीचे दोन भाग बंदिस्त केले. मायदेशी आणणारी खास विमाने सुरू झाली ती 7 मे पासून, आणि त्यांतही जागा मोजक्या. त्या आठवड्यांत ज्याच्या खोलीत तांदूळ, डाळ आणि शिजवणारे हात होते, तो निभावून गेला. ज्याच्याकडे तांदूळ होता पण हात नव्हते, तो दुसऱ्याच्या दयेवर राहिला. महामारी गेली, पण मेस बंद पडणे, पगार थकणे, कंपनी बुडणे हे महामारीवाचूनही घडतच असते.

शिवाय रोजच्या हॉटेलचे मोल पैशांपुरते राहत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2021 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार कुवेतमधल्या प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण सुमारे 25 टक्के आहे, जगात अगदी वरच्या रांगेत. उन्हामुळे चालणे कमी, गोड थंड पेये स्वस्त, मैदा आणि तेल भरपूर. आपला मुलगा त्याच हवेत, त्याच बाजारात दहा-वीस वर्षे काढतो. तिशीत गेलेला तो पन्नाशीत साखरेच्या गोळ्या घेऊन परततो, आणि घरी आल्यावरही त्याला पथ्याचा साधा पदार्थ स्वतः करता येत नाही.

आता मामूंच्या तोडग्याकडे येऊ. "निकाह लावा, सोय होईल." कोणाची सोय? आखातात कुटुंबाचा व्हिसा पगाराची अट पुरी करणाऱ्यालाच मिळतो. ड्रायव्हर, मेकॅनिक, गोदामातला कामगार त्या अटीत सहसा बसत नाही. म्हणून होते काय? सुट्टीत निकाह होतो, महिना-दीड महिन्यात नवरा परत जातो आणि बायको इथे राहते. ती सासू-सासरे, दीर आणि नणंदांचा स्वयंपाक करते. ज्याच्या जेवणासाठी तिला घरात आणली, तो तिकडे पूर्वीसारखाच खुबूस मोडत बसतो. दोन वर्षांतून एकदा भेट. भाताच्या एका पातेल्यासाठी एका मुलीचे तारुण्य गहाण पडते, आणि तरी ते पातेले त्याच्यापर्यंत पोचत नाही ते नाहीच. मुलगा आठवडाभरात जे शिकू शकला असता, ते न शिकवण्याची एवढी मोठी किंमत वसूल करायची, आणि तीही दुसऱ्याच्या मुलीकडून, याला आम्ही सोय म्हणू शकत नाही. हा जुलूम आहे.

"पण स्वयंपाक हे मर्दाचे काम आहे का?" असे विचारणारे भेटतातच. त्यांनी जरा शादीच्या मांडवामागे जाऊन पाहावे. देगीसमोर कोण उभा असतो? बावर्ची. त्याचे मदतनीस कोण? पुरुष. उरुसाच्या लंगरची देग कोण उतरवतो? पुरुष. हॉटेलात तंदूरवर कोण, कबाबाच्या शेगडीवर कोण, लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर वडे तळायला कढईपुढे कोण? सगळे पुरुष. म्हणजे पैसे मिळाले की स्वयंपाक मर्दाचा, आणि फुकट करायचा असला की बाईचा! हा हिशोब दीनाचा नव्हे, सोयीचा आहे. दीनाचा दाखला हवा असेल तर हजरत आयेशा (रजि.) यांची गवाही पुरेशी आहे. हुजूर (स.) घरात काय करीत, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की घरच्यांच्या कामात हात लावीत आणि नमाजची वेळ झाली की निघत. आपली चप्पल ते स्वतः सांधत. ज्यांची सुन्नत आपण दाढीत आणि पायजम्याच्या लांबीत शोधतो, त्यांची ही सुन्नत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर का अडते?

कोकणातल्या आपल्या भावांकडे तर याची स्वतःची परंपरा आहे. पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान खलाशी पिढ्यान्‌पिढ्या काम करीत. सारंग, तांडेल, खलाशी, आणि त्यांच्यासाठी रांधणारा 'भंडारी'. भात, डाळ, सुकी मासळी लंडनच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या बोटीतही शिजे, आणि शिजवणारा बाप्याच असे. त्या भंडाऱ्याला कोणी बायकी म्हटले नाही. समुद्रावर त्याच्यावाचून कोणाचे चालतच नव्हते.

बाहेरचे उदाहरण हवे असेल तर मोहनदास गांधींचे घ्या. 1888 मध्ये ते लंडनला बॅरिस्टरीसाठी गेले. आईला वचन दिलेले, मांस खायचे नाही. घरमालकिणीच्या बेचव उकडलेल्या भाज्यांवर अर्धपोटी राहिले. फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ सापडली तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी एका खोलीत बिऱ्हाड केले, स्टोव्ह घेतला आणि सकाळी ओटची लापशी आणि कोको स्वतः करू लागले. काठियावाडातल्या दिवाणाचा हा मुलगा. स्टोव्ह पेटवल्याने त्याची इज्जत गेली नाही. उलट खर्च उतरला आणि जगणे सोपे झाले. वचन पाळायलाही स्वतःचा स्टोव्ह उपयोगी पडला. आज युरोपात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हलालची काळजी असते. त्यांच्यासाठी यात धडा आहे. ज्याला स्वतः शिजवता येते, त्याला अमुक सुपात कोणती चरबी आहे, तमुक बिस्किटात कोणते जिलेटिन आहे, हे परक्याला विचारत बसावे लागत नाही.

आता शाळेकडे वळू. कार्यानुभव नावाचा विषय आपल्या शाळांत वर्षानुवर्षे आहे. त्याची क्षेत्रे कोणती? अन्न, वस्त्र, निवारा. पहिला शब्दच अन्न! प्रत्यक्षात तासाला काय होते? रंगीत कागदाची फुले, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, फाटक्या वहीचे पाकीट. मुलींच्या हाती सुई देतात, मुलांना मैदानात पाठवतात. बी.एड.ला असताना पाठ टाचणात उद्दिष्ट लिहायला शिकवले जाते, आणि ते विद्यार्थ्याच्या वर्तनात दिसले पाहिजे असा आग्रह असतो. मग एक उद्दिष्ट असे लिहू या : विद्यार्थी दोन माणसांपुरता भात शिजवतो. हे उद्दिष्ट मोजता येते, तपासता येते, आणि परीक्षकाला चाखताही येते.

पालक म्हणतील, मुलाला बावर्ची करायला शाळेत घातले का? त्यांना आमचे उत्तर तयार आहे. पोहायला शिकवले म्हणून कोणी कोळी होत नाही; बुडत नाही एवढेच. दहावीपर्यंत मुलाला दहा गोष्टी आल्या तर पुष्कळ झाले. गॅसची नळी आणि रेग्युलेटर तपासणे. भात, त्यातही चिकट तांदळाला पाणी किती आणि लांब दाण्याचा तांदूळ आधी किती वेळ भिजवायचा. डाळ आणि तिची फोडणी. अंड्याचे दोन प्रकार. कांदा-टोमॅटोचा एक रस्सा, ज्यात पुढे कोंबडी, मासा किंवा बटाटा काहीही पडू शकते. कणीक मळून चपाती, मग ती गोल झाली नाही तरी चालेल. उरलेले अन्न उन्हाच्या मुलखात किती वेळ टिकते. मांस धुणे, कापणे, ठेवणे. आठवड्याच्या किराण्याचा हिशोब. आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे, भांडी घासून ओटा पुसणे.

उर्दू माध्यमाच्या मुलाला यात एक फायदाही आहे, आणि तो आपण वाया घालवतो. अरबी लिपीतली पाटी आणि डब्यावरचा मजकूर त्याला अक्षर लावून वाचता येतो. लहम म्हणजे मांस, दजाज म्हणजे कोंबडी, समक म्हणजे मासा, हलीब म्हणजे दूध, मिल्ह म्हणजे मीठ. पन्नास शब्दांची एक यादी वर्गाच्या भिंतीवर लावली तर आपला मुलगा तिथल्या बाजारात पहिल्या दिवसापासून मुका राहणार नाही.

आईंना एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. मुलाच्या बॅगेत मसाला, लोणचे, सुकट भरून देता, ती माया आम्हाला कळते. लोणावळ्याला दोन दिवसांच्या हवापालटासाठी येणारे पाहुणेसुद्धा डब्यात थेपले बांधून आणतात. परक्या ठिकाणी आपला घास बरोबर असावा, ही इच्छा माणसाचीच आहे. पण घरच्या मसाल्यात खसखस असते, आणि अमिरातीत व सौदीत खसखस अमली पदार्थांत मोडते. विमानतळावर ती सापडली तर मुलाची थेट कोठडीत रवानगी होऊ शकते. तिथे अम्मीची माया पुरावा म्हणून चालत नाही. खसखस न घालता मसाला करून द्या. आणि मसाल्याच्या पुडीबरोबर तो कशात, किती, केव्हा घालायचा याचे ज्ञानही द्या. त्या ज्ञानाला वजन नसते, कस्टमही लागत नाही, आणि पुडी संपली तरी ते संपत नाही.

बहिणीकडून आठवीत असतानाच गोल चपातीची अपेक्षा ठेवतात आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या भावाला पाण्याचा पेला जागेवर नेऊन देतात. या घरातून निघालेला मुलगा उद्या रियाधच्या खोलीत पेला कोणाकडे मागणार? येत्या रमजानमध्ये सहरीचा चहा मुलाने करावा, इफ्तारीची भजी मुलाने तळावीत. पहिले चार दिवस ती करपतील. करपू द्या, पण नावे ठेवू नका.

आखाताचा व्हिसा एका दिवसात येत नाही. मुलाखत, मेडिकल, शिक्के, तिकीट यांत काही महिने जातात. तेवढे दिवस मुलगा घरी, नाक्यावर, मोबाइलवर वेळ काढत बसलेला असतो. भात शिकायला एक आठवडा लागतो, डाळीला दुसरा, रश्शाला तिसरा, चपातीला महिना धरा. एजंटला पैसे मोजण्याआधी हा हिशोब प्रत्येक बापाने करावा, आणि मुलाच्या हाती आधी पातेले द्यावे, मग पासपोर्ट.